मैनाची पकड

"सोडलं की मास्तर," ऋतुजा म्हणाली. "मी तर तोंड बी उघडलं न्हाय."

गुंडा लवटे मैदानावर उताणा पडला होता. अंगात पॅडचा जाड कोट, उजव्या हातात तागाची जाडजूड बाही. कुत्र्याने धरायचं ते या बाहीला. बाहीवर मैनाच्या दातांचे ओले ठसे उमटले होते आणि मैना मात्र त्याच्याकडे पाठ करून, शेपूट हलवत, ऋतुजाच्या खिशाकडे बघत उभी होती. खिशात चेंडू होता. माझं काम झालं, आता माझा चेंडू दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"चेंडू देऊ नको," गुंडा पडल्या पडल्या म्हणाला. "मोबाइलमधी सगळं आलं का बघ."

ऋतुजाने जीपच्या बॉनेटवर टेकवून ठेवलेला मोबाइल उचलला आणि उन्हात हाताचा आडोसा करून पाहिला. "आलंय. तुमी पडलात, गप झालात, आन तिनं सोडलं. मी हुकूम दिलाच न्हाय, ते बी दिसतंय."

गुंडाने डोळे मिटले. त्याला जे पाहायचं होतं ते त्याने पाहिलं होतं. ऋतुजाच्या आधीचा मैनाचा हँडलर धम्मदीप जिवानिशी गेला तो याच कारणाने. दुसरं काही नव्हतंच.

गुंडा हे नाव त्याला आजोबाचं मिळालेलं. पोलिसात गुंडा नावाचा माणूस म्हणजे थट्टेला आयतं निमित्त. नोकरीला लागल्यापासून प्रत्येक नव्या साहेबाने तोच विनोद केला आणि प्रत्येकाला वाटलं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. गुंडा दरवेळी हसायचा. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाचं पोर, शिपाई म्हणून भरती झालं, श्वान पथकात आलं आणि तिथेच पिकलं. आता तो सहायक फौजदार होता, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. सगळे मास्तर म्हणायचे, कारण पथकातली कुत्री आणि त्या कुत्र्यांचे हँडलर, दोघांनाही शिकवायचं काम त्याच्याकडे होतं.

पथकातली बाकीची कुत्री वासाची. कुणी बॉम्ब हुंगायचं, कुणी चोराचा माग काढायचं. चावायची ती एकटी मैना. हत्यार घेऊन कुणी कोंडून बसला, माणसं आत जाऊ शकत नाहीत, तेव्हा आधी तिला सोडायचं. तिने धरायचं आणि हँडलरने 'सोड' म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. मॅलिनॉय जातीची, अंगाने बारीक, तोंडाने काळी. एवढं लांबलचक विलायती नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा गुंडानेच तिचं मैना करून टाकलं होतं.

गुंडाचं एक म्हणणं होतं. चावणाऱ्या कुत्र्याला हँडलर शिकवत नाही, पॅडमधला माणूस शिकवतो. हँडलर नुसता हुकूम देतो. पॅडमधला माणूस कसा पळतो, कशी झटापट करतो, कधी हार मानतो, त्यावरून कुत्रं दुनियेची रीत ठरवतं. म्हणून पॅड तो दुसऱ्या कुणाला घालू देत नसे. तरणी पोरं मागायची, तेव्हा म्हणायचा, "तुमी कुत्र्याला भ्यायला शिकवाल न्हायतर माजायला. ठेवा तितं."

मग एका सरावात तो वाईट पडला आणि उजवा खांदा निखळला. हाडं बसवणाऱ्याने बसवला, पण तो काही पहिल्यासारखा झाला नाही. हात डोक्याच्या वर जाईना. बायको तानाबाई रोज तेल लावून चोळायची आणि म्हणायची, साहेबाला सांगा. त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मैदान सुटलं असतं आणि आवक-जावकच्या टेबलावर बसून पाकिटांवर शिक्के मारावे लागले असते. जन्मभर कुत्र्यांच्या संगतीत राहिलेल्या माणसाला ते मरणाहून वाईट वाटलं. मरण म्हणजे काय ते तेव्हा त्याला अजून दिसायचं होतं.

मैना तेव्हा नवी होती आणि धम्मदीप शिवशरण तिचा हँडलर. ती बाहीला लटकून झटके द्यायची तेव्हा गुंडाच्या खांद्यातून कळ थेट टाळूत जायची. त्यावर त्याने आपल्यापुरता तोडगा काढला. थोडी झटापट करायची, पडायचं आणि निपचित व्हायचं. माणूस हलायचा थांबला की कुत्रंही ओढायचं थांबतं, खांद्याला आराम मिळतो. मग धम्मदीप 'सोड' म्हणायचा, मैना सोडायची, चेंडू मिळायचा. रोज हेच. होता होता मैना हुकमाची वाट बघेनाशी झाली. माणूस निपचित पडला की सोडायचं, वळायचं, चेंडू मागायचा, अशी तिने रीत ठरवून टाकली.

"सांगायच्या आदीच सोडती मास्तर. आपल्या पथकात हिच्यापरीस शाणं कुणी न्हाय, माणसं धरून," धम्मदीप म्हणायचा, आणि सगळे हसायचे. गुंडाही हसला होता. हुकमाआधी सोडणारं कुत्रं शहाणं नसतं, बिघडलेलं असतं, हे तो स्वतः वर्षानुवर्षं पोरांना ओरडून सांगत आला होता. पण खांदा सुखावत होता, आणि अंग सुखावलं की माणसाला चूक चूक वाटत नाही.

मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्यात दोन खून करून पळालेला एक जण जाऊन लपला. भरदुपारची वेळ. धम्मदीपने मैनाला आत सोडलं आणि तिच्या मागोमाग तो शिरला. धूळ खात पडलेल्या मागांच्या रांगेत मैनाने त्या माणसाला बरोबर धरलं, पाडलं. तो वेदनेने गळाठला आणि पडून राहिला. मैनाने त्याला सोडलं आणि ती धम्मदीपकडे वळली, चेंडू मागत. त्या माणसाच्या दुसऱ्या हाताजवळ सत्तूर होता. बाहेरची माणसं आत पोचली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या माणसाला त्यांनी धरलं, पण धम्मदीप दवाखान्यापर्यंतही टिकला नाही.

शेजारच्या शेडमधले टॉवेलचे माग धडधडत होते, त्यामुळे आत कोण काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. पकडला गेलेला माणूस सांगत होता की कुत्रं आपणहून सुटलं, पण खुन्याच्या शब्दाला कोण विचारतो? चौकशीत सरळ हिशोब मांडला गेला. लवटे मास्तरांच्या हातचं कुत्रं, परीक्षेत पहिलं आलेलं. ते हुकमाशिवाय सोडत नाही. त्याने सोडलं, म्हणजे हुकूम मिळाला. म्हणजे हँडलरने घाई केली. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पथकाच्या खोलीत कामावर असताना जीव गेलेल्या माणसांचे फोटो लावलेले होते, तिथे धम्मदीपचा फोटो लागायचा राहिला. चौकशी संपू दे, मग बघू, असं ठरलं. गुंडाने पहिल्याच जबाबात सांगितलं होतं, "चूक त्याची न्हाय, माझी हाय. माझ्या खांद्याची हाय." त्याच्या पाठीवर हात ठेवून सगळे म्हणाले, मास्तर, तुमचं मन मोठं आहे.

मोबाइलमधलं चित्रण घेऊन गुंडा बिराजदार साहेबांकडे गेला. गुरुबसप्पा बिराजदार हे पथकाचे निरीक्षक, अक्कलकोटकडचे, शांत स्वभावाचे. त्यांनी ते चित्रण मन लावून पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं.

"मला पटतंय मास्तर," ते म्हणाले. "पण मला पटून काय उपयोग? वरचे काय म्हणणार सांगू? हे घटनेनंतरचं हाय म्हणणार. कुत्रं घाबरून बिघडलं म्हणणार. न्हायतर म्हणणार, लवटेनी पोराला वाचवायला तिला असं शिकवलं. तुमी कुत्र्याला काय बी शिकवू शकता, हे सगळ्या जिल्ह्याला ठावं हाय. हितंच तर घोडं अडतंय."

"मग साहेब, त्यांनाच बोलवा की. त्यांच्या डोळ्यांदेखत करतो."

"बोलवतो. पुण्याचे चौकशी अधिकारी एकदा मैदान बघायला येणारच हायत. तोवर तिला हाय तशी ठेवा. हात लावू नका."

गुंडा थोडा घुटमळला. "तोवर तिला कामावर धाडू नका साहेब. ऋतुजाचा जीव धोक्यात हाय."

बिराजदारांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "चावणारं कुत्रं पथकात एकच हाय. वरनं निरोप आला की धाडायलाच लागतंय. कागदावर ती पास हाय मास्तर. तुमीच केलीया."

अधिकारी लवकर येतील असं वाटलं होतं. ते काही येईनात. आधी त्यांना कुठलासा बंदोबस्त लागला, मग अधिवेशन, मग ते रजेवर गेले. गुंडा सकाळी मैदानावर जायचा, मैनाला फिरवायचा, खायला घालायचा आणि पॅडला हात लावायचा नाही. आजारी माणसाचं औषध खिशात ठेवून त्याच्या उशाशी नुसतं बसून राहावं, तसे ते दिवस होते.

एके दिवशी निरोप आला. मंगळवेढ्याच्या वाटेवर एका ज्वारीच्या रानात कुणी बंदूक घेऊन शिरलं होतं. ऋतुजा मैनाला घेऊन गेली. पुढे मैनाला सोडायची वेळ आलीच नाही, तो माणूस हात वर करून आपणच बाहेर आला. ऋतुजा परत आली, मैनाला पिंजऱ्यात घातलं आणि तिथेच खाली बसली.

"मास्तर, मला भ्या वाटतंय," ती म्हणाली. "खरं सांगते. ती धरंल ओ. पर तो पडला की सोडणार. आन मग तिनं माझ्याकडं तोंड केलं की मी काय करू? चेंडू देऊ?"

मैनाची खोड मोडणं हे एकच उत्तर होतं, पण ते म्हणजे धम्मदीपच्या नावावर माती टाकणं होतं. मैना बिघडलेली होती तोवरच तो पोरगा निर्दोष होता. ती सुधारली की पुरावा संपला. आणि ती सुधारली नाही तर ही पोरगी जाणार, आज नाही तर पुढच्या निरोपाला. दोन्हीकडून त्याच्याच हातचं पोर.

तो कुंभारीला गेला. कामगारांच्या वसाहतीत एका ओळीतली एकसारखी घरं. शालन शिवशरण दारात बसून तांदूळ निवडत होती. नवरा धर्मपाल पूर्वीच गेलेला, मुलगा आता. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायचं काम करून तिने धम्मदीपला वाढवलं होतं. आत भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली वर्दीतला धम्मदीप.

"जय भीम ताई."

"जय भीम. या मास्तर." तिने सूप बाजूला ठेवलं. "पाणी देऊ?"

"नको. बसतो."

तो उंबऱ्याबाहेरच बसला. तिनेच विषय काढला. "कारखान्यातल्या बाया म्हणत्यात, तुझ्या पोरानंच कुत्र्याला सोड म्हणलं. घाबरला म्हणत्यात. मास्तर, माझं पोर कधी चुकलं न्हाय असं मी म्हणत न्हाय. पर ह्यात त्याची चूक हाय का, तेवढं मला सांगा. कोणच सांगत न्हाय."

गुंडाने सांगितलं. खांदा, निपचित पडणं, चेंडू, सगळं. काहीच मागे ठेवलं नाही. सांगताना तो मैदानावर पोरांना शिकवताना बोलायचा तसा सावकाश बोलत होता. शालन ऐकत राहिली.

"खांदा दुखत हुता तर सांगायचं हुतं की," ती म्हणाली.

"व्हय."

"तोंड न्हवतं तुमाला?"

"हुतं."

"मग कशापायी न्हाय सांगितलं?"

"टेबलावर बसवलं असतं ताई. मैदान सुटलं असतं."

"टेबलावर बसवलं असतं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्या तीन शब्दांनी गुंडाला आयुष्यात कुठल्या कुत्र्याने फाडलं नव्हतं इतकं फाडलं. त्याला वाटलं, हिने उठावं, शिव्या द्याव्यात, शेजारचं सूप फेकून मारावं. तिने काही केलं नाही.

मग ज्यासाठी आला होता ते त्याने सांगितलं. कुत्रं आहे तसं ठेवलं तर साहेब बघतील आणि धम्मदीपवरचा ठपका जाईल. कदाचित जाईल. पण ते कधी येतील याचा नेम नाही, आणि तोवर त्याच कुत्र्यामागे ऋतुजाला जावं लागतंय.

"ऋतुजा म्हंजी धम्मदीपच्या पुण्यानुमोदनाला आली हुती ती का? उंच हाय ती?"

"तीच."

"सगळी गेली तरी भांडी घासत बसली हुती. मी नको म्हणले तर म्हणली, राहू द्या काकू." शालनने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "तिची आई हाय?"

"हाय. मंगळवेढ्याकडं रानात जाती ज्वारीच्या कामाला."

"मग शिकवा त्या कुत्र्याला."

"ताई, मग धम्मदीपचं..."

"मला काय इचारता?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्याच तोंडनं वदवून घ्यायला आलाव का? शिकवा म्हणले न्हवं? माझ्या पोराचं मला ठावं हाय. दुसऱ्या बाईच्या दारात असला निरोप घेऊन जीप थांबायला नको." आणि मग सूप मांडीवर ओढून घेत ती म्हणाली, "आता जावा. परत हितं येऊ नका मास्तर. तुमचं तोंड बघितलं की मला तुमाला चहा करावा लागतोय, आन मला तो करवत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून गुंडाने पॅड चढवलं. ऋतुजा म्हणाली, दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या. तो म्हणाला, "तिला ही खोड माझ्या अंगावर लागलीया. माझ्याच अंगावर मोडंल."

खोड मोडायची रीत सोपी होती, सोसायची अवघड. मैनाने धरलं की तो पडायचा आणि निपचित व्हायचा. तिने सोडलं की चेंडू नाही, कौतुक नाही. उलट तो मेलेला माणूस अचानक उठायचा, आरडाओरडा करायचा, ऋतुजाच्या अंगावर धावून जायचा. मैना गोंधळायची. पुन्हा धरायची, आता जास्त जोरात. तिने एक श्वासभर जरी जास्त धरून ठेवलं तरी ऋतुजा 'सोड' म्हणायची आणि चेंडू द्यायची. मग दोन श्वास. मग चार. आधी निपचित पडणं म्हणजे खांद्याला विसावा होता. आता मैना निपचित हातालाही झटके देऊ लागली, कारण हा माणूस केव्हाही उठतो हे तिला कळलं होतं. गुंडा दात आवळून पडून राहायचा. घरी गेल्यावर त्याला भाकरीचा तुकडा डाव्या हाताने मोडावा लागायचा. तानाबाई तेलाची वाटी घेऊन यायची आणि खांद्याला हात लावायचीच भीती वाटून तशीच उभी राहायची.

मैना शिकली. कुत्रं शिकतंच. एक दिवस तिने धरलं आणि तो पडला, मढ्यासारखा पडून राहिला, आणि ती ऋतुजाकडे डोळा ठेवून तशीच धरून राहिली. ऋतुजा मुद्दाम थांबली. पाणी प्यायली, बुटाची नाडी बांधली. मैना हलली नाही. "सोड," ऋतुजा म्हणाली, तेव्हाच तिने सोडलं. ऋतुजा आनंदाने ओरडली आणि मग गुंडाचं तोंड बघून गप्प झाली.

त्यानंतर साहेब आले. नशिबाला माणसाची थट्टा करायची असली की ते अशीच वेळ साधतं.

पुण्याचे चौकशी अधिकारी वयाने तरुण, बोलायला नम्र. मयताच्या आईचाही जबाब घ्यायचा होता, म्हणून शालनला बोलावलं होतं. ती कारखान्याची पिशवी मांडीवर घेऊन लिंबाच्या झाडाखाली खुर्चीत बसली होती. गुंडाने साहेबांना सगळं सांगितलं. ऋतुजानेही सांगितलं, "साहेब, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, मी गप हुते आन तिनं सोडलं." बिराजदारांनी मोबाइलमधलं चित्रण दाखवलं.

"हे घटनेनंतरचं आहे," अधिकारी म्हणाले. "मला आत्ता दाखवा."

"आता न्हाय दिसणार साहेब," गुंडा म्हणाला. "मी ते मोडून काढलंय."

"का?"

"ह्या पोरीसाठी."

अधिकाऱ्यांनी बिराजदारांना मोबाइल परत दिला. "तरी दाखवा. मी इतक्या लांबून आलोय."

गुंडाने पॅड चढवलं. ऋतुजाने मैनाला सोडलं. ती मातीला पाय न लावता आल्यासारखी आली आणि बाहीला भिडली. गुंडा पडला. निपचित झाला. गाल मातीला लागला होता, तिथून त्याला लिंबाखालचे शालनचे पाय दिसत होते, साध्या रबरी चपलेतले. आणि मग त्याच्या मनात ते आलं, जे यायला नको होतं. सोड, मैना. एकदाच सोड. आज चूक. आयुष्यभर मी तुला चुकू नको म्हणालो, आज चूक. त्याने श्वास रोखला, बोटंही ढिली सोडली. याहून मेलेला माणूस होणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

मैनाने धरून ठेवलं. तिचा गरम श्वास बाहीतून मनगटापर्यंत पोचत होता. डोळे ऋतुजाकडे होते आणि दात जिथे हवे तिथेच होते. एवढी चोख पकड गुंडाने आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कुत्र्यात घडवली नव्हती. ऋतुजा 'सोड' म्हणेना. तिलाही आशा सोडवत नव्हती, ते त्याला कळलं. शेवटी अधिकारीच म्हणाले, "पुरे, बोलवा तिला," आणि ऋतुजा रडक्या आवाजात म्हणाली, "सोड."

मैनाने सोडलं.

"अप्रतिम," अधिकारी म्हणाले. ते मनापासून म्हणाले. त्यांनी खाली वाकून गुंडाला हात दिला, तो त्याला डाव्या हाताने घ्यावा लागला. "लवटे, असं कुत्रं हुकमाशिवाय सोडेल हे मी कुठल्या तोंडाने लिहू? शिष्यावरची तुमची माया मला समजते. तुमच्यासारखी माणसं खात्यात राहिली नाहीत. पण मला जे दिसलं तेच लिहावं लागेल."

गुंडाचं सांगण्यासारखं होतं ते सगळं सांगून झालं होतं. शालनचा जबाब थोडक्यात आटोपला. मुलाची कुणाशी भांडणं होती का, त्याला कशाची चिंता होती का, असं काहीबाही विचारलं, तिने नाही म्हणून सांगितलं आणि अंगठा नव्हे, सही केली. गाडी गेली. बिराजदार गाडीमागे फाटकापर्यंत गेले. ऋतुजा मैनाला पाणी पाजायला घेऊन गेली.

गुंडा मैदानाच्या कडेला दगडी कट्ट्यावर बसला होता. कोट काढायचा होता, पण उजवा हात उचलत नव्हता आणि एकट्या डाव्या हाताने पाठीवरचा पट्टा सापडत नव्हता. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि मग तसाच बसून राहिला. त्याला वाटलं, आता हे पॅड अंगावरच राहिलं तरी काही बिघडत नाही.

पिशवी खांद्याला लावून शालन जवळ आली. समोर उभी राहिली.

"धरून ठिवलं न्हवं तिनं?"

"व्हय."

"त्या पोरीनं सोड म्हणंपातुर?"

"व्हय ताई."

तिने मान हलवली. मग ती त्याच्या मागे गेली, पट्टा सोडला, कोट मागून उघडला. डावा हात मोकळा केला. उजव्या बाहीला हात घातला तेव्हा त्याच्या तोंडून नको म्हटलं तरी आवाज निघाला. ती थांबली आणि मग अगदी सावकाश, थोडी थोडी करत तिने बाही ओढून काढली. आतला बनियन घामाने अंगाला चिकटला होता. गळ्याजवळून दंडापर्यंत सगळं काळंनिळं पडून फुगलं होतं.

"ह्योच का त्यो खांदा?" तिने विचारलं.

"ह्योच."

ती त्या खांद्याकडे बघत राहिली. गुंडाला मान वर करायचा धीर झाला नाही. तो रडू लागला, म्हाताऱ्या माणसासारखा, नाक ओढत, आणि तिने त्याला रडू नका असं म्हटलं नाही. तिने कोटाची घडी घातली, बाही त्यावर ठेवली आणि दोन्ही कट्ट्यावर त्याच्या शेजारी ठेवून दिलं.

"माझी दुपारपाळी हाय," ती म्हणाली. "उशीर झाला."

फाटकाबाहेर रिक्षा नव्हती. थोडा वेळ वाट पाहून ती डोक्यावर पदर घेऊन उन्हातून एमआयडीसीच्या रस्त्याला चालायला लागली.